उचलता येईल तीच गाडी

आमच्याकडे दुचाकी घ्यायची म्हटली की गल्लीतल्या प्रत्येकाला विचारतात, फक्त जो ती चालवणार त्याला सोडून. आणि चालवणारी बाई असेल, तर तिने गप्प बसून चहा करावा अशी अपेक्षा असते. मी महिनाभर असे चहा केले, म्हणून सांगते.

राहायला आम्ही कर्जतला, भिसेगावात. माझी शाळा कशेळ्याच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीत. दोन खोल्या, एक हापसा, पटावर एकवीस पोरं आणि शिक्षक एक, ती मी. दुसरी जागा रिकामी आहे आणि ती लवकरच भरणार आहे, असं मी जूनमध्ये रुजू झाले त्या दिवसापासून ऐकते आहे. सकाळी आठला घर सोडायचं, कशेळ्यापर्यंत जीप, तिथून फाट्यापर्यंत दुसरी जीप, आणि फाट्यावरून वर तीन किलोमीटर चढ, तो स्वतःच्या पायांनी. एवढं करून साडेदहाला शाळा उघडायला काही हरकत नव्हती. पण जीप घड्याळावर चालत नाही, माणसांवर चालते. दहा झाल्याशिवाय चाक हलत नाही. नऊ बसलेली असतात, दहावा चहा पीत असतो, आणि तो आला की चौथ्याला लघवी लागते.

गणपती नुकतेच गेले होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मी घामाघूम होऊन वर पोहोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते. शाळेच्या पायरीवर एकच पोरगी बसली होती, तिसरीतली, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. बाकीची वीस ओढ्यावर खेकडे धरायला गेली होती.

"बाई, मी सांगितलं यांना, बाई येनार हाय म्हनून," ती म्हणाली. "कुनी ऐकलंच नाय."

वाडीतली पोरं आपसांत स्वतःची बोली बोलतात, मला त्यातलं निम्मं कळत नाही. माझ्याशी बोलताना मात्र मला समजेल अशा भाषेत बोलतात, आणि त्या दिवशी ते मला फारच नीट समजलं. मला लाज वाटली. आता कुणी म्हणेल, किल्ली वाडीतच कुणाकडे ठेवायची. ठेवलीही असती, पण किल्लीने दार उघडतं, पाढे शिकवता येत नाहीत.

दुपारी त्या पोरीचा बाप आला. दिवाळीनंतर वाडीतली अर्धी घरं वीटभट्टीवर जातात, पार पावसाळ्यापर्यंत. पोरं बरोबर गेली की त्यांची शाळा तिथेच संपते. मी त्याच्या कितीदा मागे लागले होते की पोरीला इथे आजीजवळ ठेव. तो म्हणाला, "बाई, गेल्या साली दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ दिवस शाळेला कुलूप. मास्तर आलेच नाय. मंग नेली पोरीला. औंदा तुमची शाळा येळेवर भरली आन् सुट्टी संपल्यावर पैल्याच दिशी उघडली, तर ठेवतो म्हातारीपाशी. नायतर भट्टीचा टेंपो त्याच दिशी येतो. बसवतो तिला टेंपोत."

तो भांडत नव्हता, उलट सवलत दिल्यासारखं बोलत होता, आणि तेच मला जास्त लागलं. संध्याकाळी घरी आल्याआल्या मी पर्स टेबलावर आपटली आणि जाहीर केलं की मी मोटारसायकल घेणार.

माझ्या नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला आमचं लग्न ठरलं तो दिवस आठवला. तेव्हा तो इतका उजळला नव्हता. माणूस सज्जन आहे. खोपोलीच्या एका कंपनीत आहे, कंपनीची बस नाक्यावरून घेऊन जाते आणि नाक्यावर आणून सोडते. त्याला दुचाकीची गरज शून्य आणि दुचाकीचं ज्ञान अफाट. कुठल्या गाडीचं इंजिन कसं धडधडतं, कुठली लडाखला कशी चढते, हे तो मोबाइलवर बघत असतो. घरात आजवर गाडी नव्हती ती एवढ्याचसाठी, की मनासारखी मिळेपर्यंत त्याला कुठलीच घ्यायची नव्हती.

"साडेतीनशे सीसी," तो म्हणाला. "डोंगर आहे ना तुझा? मग टॉर्क पाहिजे."

"मला वेळेवर पोहोचायचंय, टॉर्क घेऊन काय करू?"

"अगं, टॉर्क असला की पोहोचतेसच."

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला आणि आमच्या तालुक्यात कुठल्याही गाडीबद्दल विचारला जाणारा पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला. "अ‍ॅव्हरेज किती देते?" गाडी अजून ठरायची होती. तरी दोघांनी त्यावरून तासभर वाद घातला. बाजारात तुरी, असं आपण म्हणतो. इथे तुरी पेरल्यासुद्धा नव्हत्या. मधल्या मध्ये शेजारचे काका डोकावले आणि म्हणाले, "बाईमाणसाला स्कूटरच बरी. पुढं भाजीची पिशवी ठेवता येते." वाडीच्या चढावर स्कूटरची ती बारकी चाकं एका खड्ड्यात गेली तर दुसऱ्या खड्ड्यातून काढावी लागतील, हे त्यांना कोण सांगणार. ज्याचं जळतं त्याला कळतं.

एक गोष्ट मात्र कुणीच विचारली नाही, ती म्हणजे मला चालवता येते का. येते. माझं माहेर खालापूरकडचं. वडील मोटारसायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून दूध घालायला जायचे. त्यांचा पाय मोडला तेव्हा दोन महिने दूध मी घातलं, आणि किटल्यांसकट गाडी तोलणाऱ्याला बिनकिटल्यांची गाडी म्हणजे सुट्टीच. लायसन्स माझ्याकडे नवऱ्याच्या आधीपासून आहे. लग्नानंतर चालवली नाही, एवढंच. मुदत संपली तेव्हा ते लायसन्स रिन्यू मात्र करून आणलं होतं, कशासाठी ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेवटी मी चाचांकडे गेले. स्टेशनच्या अलीकडे त्यांचं गॅरेज आहे. मूळचे श्रीवर्धनकडचे, पण आयुष्य कर्जतच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेलं. बोलतात कमी आणि तेही गाडीकडे बघत. मी त्यांना रस्ता सांगितला, खडी सांगितली, वळणं सांगितली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"एकल्याच जानार?"

"एकटीच."

"मंग पडनार. त्या रस्त्याला सगळेच पडतात, त्यात शरम नाय. पन पडल्यावर तिथं उचलायला कोन हाय? माकडं." त्यांनी भिंतीला टेकवलेली एक जुनी मोटारसायकल ओढली आणि सरळ जमिनीवर आडवी केली. "उचला."

मी हँडल धरून जोर लावला. गाडी हलली नाही, माझी कंबर मात्र बोलली.

"सगळे अशेच करतात," चाचा म्हणाले. "गाडी गिअरमदी टाका, नायतर चाक पळंल. उजवीकडं पडली असंल तर स्टँड आधीच बाहेर काडा. आता गाडीकडं पाठ करा. सीटला कंबर लावा, बसा खाली. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. आन् पायांवर उठा, मागं मागं चाला."

चौथ्या खेपेला गाडी उठली. मी तिथेच एक आरोळी ठोकली, तिकडे पंक्चर काढत असलेला माणूस दचकला. चाचा हसले नाहीत. "शोरूममदी जाऊन हेच करा. जी उचलता येते ती आपली. बाकी सगळ्या दुसऱ्याच्या."

दसऱ्याच्या तीन दिवस आधी आम्ही शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला सेल्समन धावत आला आणि माझ्याकडे पाठ करून नवऱ्याशी बोलू लागला. नवरा त्या साडेतीनशेवाल्या धुडावर चढून बसलाच होता, डोळे अर्धे मिटलेले.

"सर, पर्सनॅलिटीला शोभते," सेल्समन म्हणाला. "आणि मॅडमना मागं बसायला साडी गार्ड आम्ही फ्री देतो."

"मी पुढं बसणार आहे," मी म्हटलं.

तो गोंधळला. "मग सर?"

"सर मागं. साडी गार्ड सरांना लावा."

मग मी माझी अट सांगितली. गाडी जमिनीवर आडवी करायची आणि मी ती उचलून बघणार. इथे गाडीला हळद-कुंकू लागायच्या आधी कुणी धुळीचं बोट लावू देत नाही, सीटवरचं प्लास्टिक लोक वर्ष वर्ष काढत नाहीत, आणि ही बाई म्हणते पाडा. सेल्समनने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने मला समजावलं की मॅडम, गाडी पाडण्यासाठी नसते. मी म्हटलं, पाडण्यासाठी कुणीच घेत नाही, तरी ती पडते. मला टेस्ट राइड नको, टेस्ट पडझड हवी. शेवटी त्यांनी टेस्ट राइडच्या वापरलेल्या गाड्या मागच्या अंगणात आणल्या, स्पेअर पार्टची खोकी फाडून फरशीवर पसरली आणि नवऱ्याची लाडकी त्यावर निजवली. तोवर शोरूममधलं एकूण एक गिऱ्हाईक अंगणात जमलं होतं.

चार भाताच्या पोत्यांइतकं ते वजन. मी पाठ लावली, पाय रोवले, चाचांचं नाव घेतलं. वीतभर उठली आणि पुन्हा निजली. दुसऱ्यांदा तेवढीही उठली नाही.

"ताकद नाही, टेक्निक पाहिजे," नवरा म्हणाला आणि बाह्या सरसावून पुढे झाला. मी त्याला पाठ करून बसायला सांगत होते, पण इतके लोक बघत असताना बायकोचं ऐकायचं म्हणजे जरा जडच. त्याने पुढून वाकून, हँडल धरून हिसका दिला. गाडी उठली नाही आणि नंतर तोही उठला नाही. कमरेत अशी उसण भरली की तो ओणवा तो ओणवाच राहिला, आणि दोन मेकॅनिकांनी त्याला तसाच उचलून खुर्चीत ठेवला. नाकापेक्षा मोती जड, हे मी तोंडातून काढलं नाही. तेवढा संसार मी केला आहे.

त्यानंतर मी तीन गाड्या पाडल्या. एक उचलता आली पण बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकेनात, चवड्यांवर नाचावं लागत होतं. दुसरीची मागची दांडी इतकी फॅशनेबल की हात कुठे घालावा कळेना. तिसरी शंभर सीसीची, काळी, साधी, जिच्यावरून दूधवाले, पाववाले आणि आमच्या तालुक्यातले निम्मे जावई फिरतात ती. दोन पोत्यांचं वजन. पाठ लावली आणि पहिल्याच दमात उठली. बसले तर दोन्ही टाचा जमिनीवर.

"हीच," मी म्हटलं.

खुर्चीतून कण्हत आवाज आला, "अगं पण हिला पिकअप नाही."

"आहे," मी म्हटलं. "आत्ताच केला."

दुसऱ्या दिवशी शाळेत मी हे सगळं पोरांना सांगितलं, नवऱ्याच्या कमरेसकट. धडा बाजूला राहिला. पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत एकच खेळ चालला होता. एक जण मोटारसायकल होऊन मातीत आडवं पडायचं आणि दुसऱ्याने पाठ लावून त्याला उचलायचं. उचलण्यात सगळ्यांत तरबेज ती पायरीवरची तिसरीतली पोरगी. पाचवीतल्या आडदांड पोरालासुद्धा तिने दोनदा उभं केलं.

दसऱ्याला गाडी ताब्यात आली. आमच्या भागात नवी गाडी पहिल्यांदा महडच्या गणपतीला न्यायची, त्याशिवाय ती रस्त्याला लागली असं कुणी मानत नाही. नवऱ्याची कंबर अजून धरलेली होती, टांग टाकणं शक्यच नव्हतं. म्हणजे मागे बसायचं तर एकाच बाजूला पाय सोडून. साडी गार्डची पट्टी बरोबर त्याच्या पायाखाली आली. मांडीवर नारळ, हार आणि पेढ्यांची पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर, असा माझा नवरा दसऱ्याच्या भर सकाळी भिसेगावातून निघाला. मी गाडी मुद्दाम सावकाश चालवली. नवं इंजिन सांभाळून चालवावं लागतं.

नाक्यावर कुणीतरी ओरडलं, "काय वहिनी, अ‍ॅव्हरेज किती देते?"

"तिसरा गिअर पडला की सांगतो," मागून नवरा ओरडला, "सध्या दुसऱ्यातच आहे!" आणि हसला. मग हसल्यामुळे कंबर दुखली म्हणून विव्हळला. पळसदरी मागे पडल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, "तू भारी चालवतेस गं. कधी बोलली नाहीस." मला बरं वाटलं. वीस वर्षांत विचारलं का नाहीस, हे बोलायला तोंड उघडलं होतं, पण समोर ट्रक आला.

महडला गाड्यांची रांग होती. गुरुजींनी अक्षता नवऱ्याच्या हातात दिल्या, पण त्याला वाकता येईना, म्हणून हेडलाइटवरचं स्वस्तिक मीच काढलं आणि चाकाखालची लिंबंही मीच चिरडली. गणपतीकडे मी काही फार मागितलं नाही. साडेदहा, एवढंच मागितलं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत एकही दिवस शाळा उशिरा उघडली नाही. जीपवाले मला वाटेत ओलांडताना हॉर्न मारायचे, मी त्यांना हात करायची, आणि दहावं माणूस नसल्याचं दुःख मी त्यांच्यावर सोडून द्यायची. ओढ्यावरचे खेकडे सुखी झाले असतील. सुट्टी लागली तेव्हा त्या पोरीच्या बापाने परत आठवण करून दिली, "पैल्या दिशी, बाई. टेंपो त्याच दिशी हाय."

सुट्टी संपली त्या दिवशी मी घरातून पंधरा मिनिटं आधीच निघाले. फाटा सोडला, चढ सुरू झाला. वाडीच्या खालच्या तिसऱ्या वळणावर रात्रीत कुणीतरी नवी खडी टाकून ठेवली होती, रस्ता होणार आहे म्हणे. चाक सरकलं. मी उजवीकडे आणि गाडीही उजवीकडे. इंजिन बंद पडलं आणि एकदम सगळं शांत झालं. कोपर सोलवटलं होतं, आरसा फुटला होता. घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं. तेवढ्यात वरून टेंपोचा हॉर्न ऐकू आला.

मी घाबरले. माणसं वर बसत होती, टेंपो याच रस्त्याने खाली येणार, आणि त्यात ती पोरगी बसलेली असली तर मी इथे खडीत उभी राहून तिला जाताना बघणार. खरं सांगते, रडू आलं. मग चाचांना आणि त्यांच्या माकडांना चार शिव्या दिल्या, तेव्हा जरा धीर आला. चावी बंद. गिअरमध्ये. स्टँड बाहेर. गाडीकडे पाठ. पहिल्या दमात पाय खडीवर घसरला आणि मी बुडावर आपटले. बुटाने खडी बाजूला केली, पुन्हा बसले. या खेपेला पाय टिकला आणि गाडी उठली.

वर पोहोचले तेव्हा साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. टेंपोत भांडी, चुली, कोंबड्या आणि माणसं चढत होती. तिचा बाप टेंपोला हात लावून उभा होता, शेजारी जमिनीवर पोरीचं गाठोडं. आणि शाळेच्या पायऱ्यांवर एकवीसच्या एकवीस पोरं दाटीवाटीने बसलेली. एकही ओढ्याकडे गेलं नव्हतं. सगळ्यांत पुढे ती, आणि तिने दोन्ही हात पसरून बाकीच्यांना अडवून धरलं होतं.

"बाई, तुमचा आवाज आला ना खालून," ती म्हणाली, "आन् मंग थांबला. बाबा बोलला बाई गेल्या परत, चल बस टेंपोत. ही सगळी उठाया लागली. मी बोल्ले, बसा गप. बाई गाडी उचलतायत."

तिच्या बापाने माझ्या कोपराकडे बघितलं, फुटलेल्या आरशाकडे बघितलं. गाठोडं उचललं आणि पलीकडच्या झोपडीच्या दारात, म्हातारीजवळ नेऊन ठेवलं. मी किल्ली तिच्या हातात दिली, आणि त्या दिवशी शाळा तिनेच उघडली.